किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक, त्यावरचे जंतू आणि मुलांना नेण्याचा प्रश्न

मेघना_पार्लेकर | १७ ऑगस्ट २०२५, २१:४०

आमच्या सोसायटीतले पंधरा-वीस जण दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूला कचरा उचलायला जातात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच लेकीला (तेव्हा १० वर्षांची) सोबत नेलं. वाळूत अर्धी पुरलेली पॅकिंगची पट्टी ओढताना तिचं बोट कापलं. अगदी केसाएवढी चीर. कुणीतरी म्हणालं, समुद्राच्या पाण्यात बुडव, मिठाने जंतू मरतात. बुडवलं आणि काम पुढे सुरू. संध्याकाळी बोट टरारून सुजलं, रात्री ताप, सकाळी लाली मनगटापर्यंत पोचलेली. पहिल्या दवाखान्यात जखम कुठे झाली हे कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं आणि समुद्रकिनारा म्हटल्यावर औषध बदललं. आठवड्याभरात बरी झाली.

यंदा ती स्वतःहून यायचं म्हणतेय. तिच्या बाबांचा ठाम नकार आहे. शेजारच्या काकांचं म्हणणं, प्लॅस्टिक निर्जीव, त्यावर कसले जंतू, पट्टी गंजकी असेल. (प्लॅस्टिकची होती.) तर प्रश्न दोन. त्या प्लॅस्टिकवर खरंच रोगजंतू असतात का? आणि मुलांना न्यावं का?

कस्तुरी | १७ ऑगस्ट, २१:५८

लेक बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. माझाही मुलगा शाळेकडून जाणार आहे, त्यामुळे वाचतेय.

अणुरेणू | १७ ऑगस्ट, २३:१०

मेघनाताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी ते मिठाचं. समुद्राच्या पाण्याने जखम धुतली की जंतू मरतात, हा समज डोक्यातून काढून टाका. व्हिब्रिओ नावाचा जिवाणूंचा मोठा गट आहे, पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू त्यातलाच. या गटातल्या बहुतेकांना वाढायला मीठ लागतंच. प्रयोगशाळेत त्यांना वाढवायचं तर आम्ही मुद्दाम मीठ घालतो.

आता प्लॅस्टिक. न्हाणीघरातल्या बादलीच्या तळाला हात लावून बघा. जो बुळबुळीतपणा लागतो ना, तो जिवाणूंचा थर. पृष्ठभागाला चिकटायचं, भोवती चिकट द्रव सोडायचा आणि त्याच्या आत वस्ती करून राहायचं, ही त्यांची पद्धत. त्या थराला बायोफिल्म म्हणतात. प्लॅस्टिक समुद्रात पडलं की काही तासांतच हे सुरू होतं. २०१३ मध्ये एरिक झेटलर, ट्रेसी मिन्सर आणि लिंडा अमराल-झेटलर यांनी उत्तर अटलांटिकमधून गोळा केलेले प्लॅस्टिकचे तुकडे तपासले. तुकड्यांवरची वस्ती आजूबाजूच्या पाण्यातल्या वस्तीपेक्षा निराळी होती. तिला त्यांनी 'प्लास्टिस्फिअर' नाव दिलं. एका तुकड्यावर तर जवळजवळ चतुर्थांश जिवाणू व्हिब्रिओ गटातले निघाले. गट म्हणतेय हे लक्षात घ्या, त्यातले सगळेच आजार करत नाहीत.

पान विरतं, लाकूड कुजतं. पिशवी मात्र वर्षानुवर्षं तराफ्यासारखी तरंगत राहते, आणि तराफ्यावर बसलेले प्रवासी तिच्याबरोबर जिथे लागेल तिथे उतरतात.

सिंगापूरची_सई | १८ ऑगस्ट, ०६:२५

इथलाच एक अभ्यास आठवला. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरच्या संशोधकांनी लाझारस बेट, सेम्बावांग आणि चांगी या तीन किनाऱ्यांवरून सूक्ष्मप्लॅस्टिकचे २७५ तुकडे गोळा केले आणि त्यांवर ४०० हून अधिक प्रकारचे जिवाणू सापडले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पोटाचे विकार आणि जखमांचे संसर्ग करणारे होते, तसे घातक रसायनं पचवणारे, म्हणजे उपयोगी जिवाणूही होते. चांगीला आम्ही दर महिन्याला मुलांना घेऊन वाळूत खेळायला जातो. किनारे इतके झाडून-पुसून ठेवलेले असतात की हे वाचेपर्यंत मनात कधी आलंच नव्हतं. डोळ्यांना दिसणारा कचरा उचलला जातो, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वाळूतच राहतो.

रोखठोक_अण्णा | १८ ऑगस्ट, ०९:०२

मेघनाताईंच्या लेकीला त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझं लहानपण गिरगाव चौपाटीवर गेलं. अनवाणी धावलो, वाळूत पडलो, गुडघे फुटले, काही झालं नाही. कोळी बांधव पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात आहेत. जंतू कुठे नसतात? दाराच्या कडीवर असतात, नोटांवर असतात. यंत्राखाली सापडले म्हणून मुलांना किनाऱ्यापासून तोडायचं, हे मला पटत नाही. अशाने उद्या किनारे साफ करायला कुणीच येणार नाही.

डोलकर_वेसावे | १८ ऑगस्ट, १३:१५

अण्णा, आमी वेसाव्याचे (वर्सोव्याचे) कोली. तुमी बोलता ते अर्धं खरं. आमी त्याच पान्यात हाव, पन काय होत नाय असं नाय. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, तवापासून डोलीत (आमच्या जाल्यात) म्हावऱ्यापेक्षा पिशव्या जास्त. पयलं जालं वढलं की कोलंबी, जवला, बोंबील. आता निवडायलाच बायांचा अर्धा दिवस जातो. दर पावसाल्यात दोन-चार जनींची बोटं पिकतात. आमच्याकडं त्याला कोन आजार म्हनत नाय. "बोट पिकलं" म्हनायचं, हलद लावायची, परत कामाला. माज्या आयेचं एक बोट आठ महिने दुखत होतं, आजून वाकत नाय. हे कुठल्या कागदावर लिवलेलं तुमाला दिसनार नाय.

रोखठोक_अण्णा | १८ ऑगस्ट, १३:५०

डोलकर, हे मला माहीत नव्हतं. "काही झालं नाही" हे मी तुमच्या वतीने बोलायला नको होतं. आईंची आता तब्येत कशी आहे?

डॉ_शल्य | १८ ऑगस्ट, २२:३०

डोलकर यांच्या प्रतिसादावर थांबून बोलायला हवं. मासे हाताळणाऱ्यांच्या बोटांना होणारे संसर्ग वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. त्यातला मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. छोट्या जखमेतून शिरतो, काही आठवड्यांनी गाठ येते, नेहमीच्या प्रतिजैविकांनी हटत नाही आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो. आठ महिने दुखणारं, न वाकणारं बोट हळदीवर सोडू नका. आईंना अस्थिरोग किंवा त्वचारोग विभागात दाखवा आणि "मासळीचं काम करते" हे पहिल्या वाक्यात सांगा.

मेघनाताईंच्या लेकीची गोष्ट वेगळी, ती झपाट्याने पसरणारी. तिथे कोणता जंतू होता हे इथून सांगता येणार नाही, साधा त्वचेवरचाही असू शकतो. पण समुद्राशी संबंधित जखमेत आम्हाला व्हिब्रिओ व्हल्निफिकस डोक्यात ठेवावा लागतो. हा दुर्मीळ आहे, पण लागला तर तासांचा हिशोब असतो. फ्लोरिडात २०२२ मध्ये याचे ७४ रुग्ण नोंदले गेले आणि १७ दगावले. त्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळाने पूर आणला होता, सांडपाणी समुद्रात मिसळलं होतं. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. निरोगी मुलांना फार कमी.

कापलं तर समुद्रात बुडवू नका. बाटलीतलं पिण्याचं पाणी आणि साबण, भरपूर वेळ. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. जखमेच्या मानाने वेदना फार असतील, लाली सरकत असेल, फोड किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि समुद्रकिनारी जखम झाली हे न विचारता सांगा. औषधाची निवड त्यावर ठरते, मेघनाताईंनी ते अनुभवलंच आहे.

एडिनबराची_आसावरी | १९ ऑगस्ट, ०२:१०

इथे पाणी इतकं गार की पाय घातला तरी कळ येते. तरीही हाच प्रश्न आहे. फर्थ ऑफ फोर्थ या इथल्या खाडीच्या किनाऱ्यांवर नर्डल सापडतात. नर्डल म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, मसुराएवढे मणी, ज्यांपासून पुढे बादल्या-बाटल्या बनतात. नॉर्थ बेरिकची एक संस्था लोकांकडून हे मणी शोधून मोजून घेते, मीही जाते. २०१९ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ईस्ट लोदियनच्या पाच किनाऱ्यांवरचे मणी तपासले, त्यांवर ई. कोलाय आणि व्हिब्रिओ सापडले. पाचही किनारे लोक पोहायला जातात असे.

ई. कोलाय महत्त्वाचा, कारण तो मूळ समुद्रातला रहिवासी नव्हे. तो माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. मण्यावर तो सापडला याचा अर्थ विष्ठेशी कुठेतरी संबंध आला. त्याच संशोधकांनी पुढे ओले वाइप्स आणि कान साफ करायच्या काड्या तपासल्या. या दोन वस्तू तर थेट कमोडमधूनच निघतात! मैल्याबरोबर प्रवास करतात आणि मैल्यातले जंतू अंगावर घेऊन किनाऱ्याला लागतात. माझ्या पिशवीत दर वेळी वीस-पंचवीस काड्या असतात. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या विक्रीवर इथे २०१९ पासून बंदी आहे, तरी जुन्या येतच राहतात.

कस्तुरी | १९ ऑगस्ट, ०८:४४

आसावरी, हे वाचून मी आत्ता बाथरूममध्ये जाऊन आले. आमच्याकडे काड्या कमोडमध्येच जायच्या. आजपासून कोपऱ्यात झाकणाचा डबा.

पाववाला_पिंट्या | १९ ऑगस्ट, ०९:१०

आमच्या आजीने घरात काडी येऊच दिली नाही. पदराचं टोक पिळून कान साफ! आजी पर्यावरणवादी होती हे आज कळलं. :)

अणुरेणू | १९ ऑगस्ट, १०:२०

पिंट्या, पदरावरून फार मोलाची गोष्ट आठवली. पटकीचा जंतू पाण्यात सहसा एकटा फिरत नाही, कोपेपॉड नावाच्या बारीक जलचरांच्या कवचाला चिकटून राहतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांच्या गटाने बांगलादेशात ६५ गावांतल्या बायकांना पाणी गाळायची एक रीत शिकवली. जुनी साडी, चार घड्या, त्यातून पाणी ओतायचं. जुनीच, कारण वापराने धागे फुलून विणीतली भोकं बारीक होतात. जंतू साडीतून सहज पार जाईल इतका छोटा, पण ज्याला तो चिकटलाय तो जलचर अडकतो. पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. २००३ मध्ये हे छापून आलं.

मूळ विषयाशी याचं नातं हेच, की चिकटायला जागा मिळाली की जंतूचं बळ वाढतं. पूर्वी ती जागा कवचं, शेवाळ, लाकूड अशी होती. आपण तिच्यात प्लॅस्टिकची अमाप भर घातली.

रोखठोक_अण्णा | १९ ऑगस्ट, ११:३५

मग मला हेच विचारायचंय. लाकडावर, शेवाळावर, शिंपल्यावरही हे चिकटतात ना? प्लॅस्टिकच जास्त वाईट कशावरून?

अणुरेणू | १९ ऑगस्ट, १९:०५

अण्णा, नेमका प्रश्न. यावर आमच्या क्षेत्रातही वाद आहे. बाल्टिक समुद्रावर काम करणाऱ्या जर्मन संशोधकांचं म्हणणं असं की प्लॅस्टिकवरचे व्हिब्रिओ लाकडापेक्षा जास्त असतातच असं नाही, कुठल्याही नव्या पृष्ठभागावर ते आधी येतात आणि मग इतर येऊन त्यांना मागे सारतात. दुसरं, पुष्कळ अभ्यासांत जंतूचा फक्त डीएनए सापडलेला असतो. तो जिवंत होता का, आजार करणाऱ्या जातीचा होता का, हे पुढचे प्रश्न. प्लॅस्टिकला हात लावल्यामुळे अमुक इतके आजारी पडले, अशी थेट मोजणी झालेली नाही. तुमच्या शंकेला इतका आधार नक्की आहे.

पण मला काळजी वाटते ती तीन कारणांनी. प्लॅस्टिक टिकतं, म्हणून लांब पोचतं. ते कापतं, म्हणजे जंतूला दारही तेच उघडून देतं, शेवाळाने कुणाचं बोट कापत नाही. आणि दाट थरात शेजारी-शेजारी राहणारे जिवाणू प्रतिजैविकांना दाद न देण्याचे जनुक एकमेकांना देतात. बोस्टन विद्यापीठात ई. कोलाय सूक्ष्मप्लॅस्टिकसोबत वाढवला, तेव्हा त्याचा औषधांना विरोध वाढला. यंदाच मार्चमध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेतलं आहे, समुद्रातलं नाही. तरी मला झोप लागू न देणारं हेच आहे.

काणकोणकर | १९ ऑगस्ट, २०:४०

गोंयच्यान लिहितोय. नर्डल आमच्याकडेही येतात. केरी, वागातोर, कळंगुट, कोलवा, मोबोर, गालजीबाग अशा सहा किनाऱ्यांवर संशोधकांनी पूर्वी ते गोळा केले होते, पावसाळी वारे त्यांना किनाऱ्याला लावतात. गालजीबागला कासवं अंडी घालतात, म्हणून तिथलं जास्त लागतं. आणि या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा-३ जहाज बुडालं, त्यातले मणी तिरुवनंतपुरमपर्यंत पसरले. लोक चाळणी घेऊन वाळू चाळत होते. चार वर्षांपूर्वी कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्लमधून १,६८० टन मणी सांडले होते, तेव्हाही हेच चित्र.

अवांतर: आमच्याकडे मे-जूनला डांबराचे गोळेही येतात, पायाला चिकटले की खोबरेल तेलाशिवाय निघत नाहीत. त्यांवरही जंतू असतात का?

अणुरेणू | १९ ऑगस्ट, २१:१५

असतात. २०१० च्या मेक्सिको आखातातल्या तेलगळतीनंतर ऑबर्न विद्यापीठाच्या लोकांनी किनाऱ्यावरचे गोळे तपासले. डॉ_शल्य यांनी सांगितलेला व्हल्निफिकस वाळूपेक्षा दहापट आणि पाण्यापेक्षा शंभरपट आढळला. पायाला भेग असेल तर गोळ्यांवरून चालू नका.

म्हावरंप्रेमी | १९ ऑगस्ट, २२:०२

एकच विचारतो, तिसऱ्या (शिंपल्या) खायच्या की नाही? संकष्टी संपल्यापासून मनात घोळतंय.

डॉ_शल्य | १९ ऑगस्ट, २२:२०

खुशाल खा, नीट शिजवून. तिसऱ्या, खुबे, कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातलं सगळं त्यांच्यात साठतं. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस उष्णतेने मरतो, त्याचा त्रास कच्चं किंवा अर्धकच्चं खाणाऱ्यांना होतो. आपलं सुकं आणि कालवण चांगलं रटरटतं. फक्त कच्च्या मासळीची सुरी कोशिंबिरीला वापरू नका.

नालेवाचक | २० ऑगस्ट, ०७:३०

मी सांडपाण्याच्या क्षेत्रात तीसेक वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आसावरीताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मुंबईत प्लॅस्टिक आणि मैला यांचा रस्ता एकच आहे, नाला. जुहूला इर्ला नाला येतो, वेसाव्याला मालाडची खाडी, दादर-माहीमला मिठी. वस्तीतली पिशवी नाल्यात पडते, मैल्यात आठवडाभर लोळते, पहिल्या मोठ्या पावसात समुद्रात जाते आणि उधाणाला किनाऱ्यावर परत येते. मुंबईच्या किनाऱ्यावर हाताला येणारं बरंचसं प्लॅस्टिक असं मैल्यात भिजून आलेलं आहे, आणि हे सांगायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पोहण्याच्या समुद्रपाण्यासाठी आपल्या देशात मानक आहे, १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० च्या आसपास. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने घेतं. पण वाळूचे आणि त्यातल्या कचऱ्याचे नमुने या हिशोबात धरलेच जात नाहीत, आणि मुलं तर वाळूतच खेळतात. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशी सात नवी मलशुद्धीकरण केंद्रं बांधली जात आहेत, सगळी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरची. ती चालू होतील तेव्हा फरक पडेल. पण ज्या वस्तीला गटाराची जोडणीच नाही, तिथला मैला नाल्यातच जाणार. तुम्ही किनाऱ्यावर गोणी भरता ती भराच, पण त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात इर्ला नाल्याला जाळी कधी बसवणार आणि त्यातला कचरा कधी काढणार, हे लेखी विचारा. वीस जणांच्या सह्यांचा अर्ज बाजूला सारणं अवघड असतं.

वाळूतली_शंख | २० ऑगस्ट, ०८:१५

चार वर्षं दादरला दर रविवारी जाते. मेघनाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

सुती हातमोजे नकोत. ते पाणी पितात आणि तीच घाण तासभर बोटांना लावून ठेवतात. तळव्याला रबराचा लेप असलेले मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, मुलांच्या हाताला छोट्या मापाचे. पायात सँडल नको, गमबूट नाहीतर जुने बूट. चिमटा असेल तर फार बरं. पुरलेली वस्तू ओढायची नाही, आधी फावड्याने मोकळी करायची, मेघनाताईंच्या लेकीचं नेमकं तिथेच चुकलं. सुई, डायपर आणि फुटलेली काच मोठ्यांनीच उचलायची, सुईसाठी जाड झाकणाचा डबा वेगळा. आधीपासून जखम किंवा खाजवलेली पुळी असेल त्याने त्या दिवशी नोंदवही धरायची. आणि मोजे काढून हात धुतल्याशिवाय वडापाव नाही! सगळ्यांत जास्त चूक इथे होते.

भरतीरेषेवरचं ओलं, बुळबुळीत, शेवाळात गुंतलेलं प्लॅस्टिक मोठ्यांचं. वरच्या कोरड्या वाळूतल्या, उन्हाने करकरीत झालेल्या बाटल्या मुलांच्या. ऊन आणि कोरडेपणा जंतूंना सोसत नाही, बरोबर ना अणुरेणूताई?

अणुरेणू | २० ऑगस्ट, ०९:००

बरोबर. सगळे मरत नाहीत, थराच्या आत काही तगतात, पण ओल्या सावलीतल्या ढिगापेक्षा उन्हातली बाटली केव्हाही बरी. ही वाटणी मी आमच्या विद्यार्थ्यांनाही सांगणार.

मेघना_पार्लेकर | २० ऑगस्ट, २१:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून हा पूर्ण धागा मोठ्याने वाचला. लेकीचे बाबा डॉ_शल्य यांच्या प्रतिसादाशी थबकले आणि वाळूतली_शंख यांच्या प्रतिसादाशी तयार झाले. लेक येणार, वरच्या कोरड्या वाळूत, मोजे आणि बूट घालून. दोन बाटल्या साबणाचं आणि वीस लिटर साधं पाणी गाडीत. नालेवाचक काका, अर्जाचा मसुदा उद्या इथेच टाकते, तपासून द्याल का? आणि लेकीने सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय, "कानाच्या काड्या कमोडमध्ये टाकू नका, त्या जुहूला येतात."

७ सप्टेंबर, रविवार. किती वाजता निघावं?

नालेवाचक | २० ऑगस्ट, २१:२५

जरूर टाका. मीही सही करायला येतो.

डोलकर_वेसावे | २० ऑगस्ट, २२:०५

त्या दिवशी पुनव. पुनवेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हंजे ओहोट सकाली सहाला. सहाला वालूवर उभं ऱ्हावा, नऊच्या आत आटपा, मंग पानी भराभर वर येतं. उधानाची भरती हाय, पोरांना पान्याकडं पाठ करून उभं ऱ्हाऊ देऊ नका.

डॉक्टर, आयेला सोमवारी दाखवायला नेतो. अण्णा, तुमी इचारलंत, बरं वाटलं.

रोखठोक_अण्णा | २० ऑगस्ट, २२:३०

७ तारखेला मी येतोय. मला मधुमेह आहे, त्यामुळे नोंदवही माझ्याकडे. काड्या वेगळ्या मोजेन.